पितळेच्या तबकडीवरील साठ रेघा



घड्याळाची तबकडी घरीं तयार करावी, ही माझी फार दिवसांची इच्छा. मी प्राथमिक शाळेंतला निवृत्त मास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, कारखान्याचा उंबरठा कधीं ओलांडलेला नाहीं. तेव्हां यंत्रविद्येवर अधिकारवाणीनें बोलण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. परंतु एक पितळेचा पत्रा, एक लहानसें कोरीव कामाचें यंत्र आणि एक म्हातारा मास्तर यांची तीन आठवडे जी झटापट झाली, तिची हकीकत आपणांस सांगावी, असें वाटल्यावरून हा प्रपंच.

घड्याळाचें आंतील यंत्र मीं बाजारांतून आणलें, हें आधींच कबूल करतों. तें क्वार्ट्झचें आहे. सागवानी पेटी मीं स्वतः केली. राहिली तबकडी. छापील कागद चिकटवून काम भागलें असतें. पण मला पितळ हवें होतें, आणि पितळेवर देवनागरी आंकडे हवे होते.

वर्तुळाचे अंश ३६०, मिनिटें ६०, म्हणून दर मिनिटास ६ अंश. हा भागाकार मीं तीस वर्षें मुलांकडून करवून घेतला. साठ ही संख्या आपणांस परकीहि नाहीं. आपल्या जुन्या कालगणनेंत अहोरात्राच्या घटिका ६० आणि घटिकेचीं पळें ६०. एक घटिका म्हणजे आजचीं २४ मिनिटें. भागाकार सोपा, पण तो पितळेवर उतरविणें निराळें. प्रथम मीं कर्कटक घेऊन पुठ्ठ्यावर प्रयोग केला. ७२ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर दोन मिनिटांमधील अंतर सुमारें साडेसात मिलिमीटर येतें. तेवढें कर्कटक उघडून मी पावलें टाकीत निघालों. एका पावलांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूक झाली, आणि तेवढी माझ्या डोळ्यांस दिसत नाहीं, तर साठाव्या पावलास ती ६ मिलिमीटर होते. माझें शेवटचें मिनिट इतकें आखूड आलें, कीं त्या पुठ्ठ्यावर तास ५९ मिनिटांचाच भरला असता!

दुसरी अडचण सांगावयास थोडा संकोच वाटतो. गेलीं दोन वर्षें माझा उजवा हात कांपतो. फळ्यावर कंपासावांचून वर्तुळ काढणारा मास्तर म्हणून एके काळीं शाळेंत माझी ख्याति होती. आज चहाचा पेला दोन्ही हातांनीं धरावा लागतो. अशा हातांत कोरणी देण्यांत अर्थ नव्हता.

माझा एक जुना विद्यार्थी दारावरच्या नांवाच्या पाट्या तयार करतो. त्यानें हौसेखातर संगणकाच्या आज्ञेनें चालणारें एक लहान यंत्र घेतलें आहे. त्यास सीएनसी म्हणतात. त्याचें कापणारें टोंक ३० सेंटिमीटर लांब व १८ सेंटिमीटर रुंद एवढ्याच क्षेत्रांत फिरतें, म्हणून चकती १६ सेंटिमीटर व्यासाची ठरली. मोटारीचा एक फेरा २०० पावलांचा, आणि एका फेऱ्यांत स्क्रू टोंकास ४ मिलिमीटर सरकवितो. म्हणजे एक पाऊल मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढें. शिवाय हें यंत्र मागल्या खुणेवरून पुढली खूण काढीत नाहीं. प्रत्येक रेघेचें स्थान भुजज्या व कोटिज्या यांच्या हिशेबानें मध्यबिंदूपासून स्वतंत्र ठरतें, त्यामुळें एकीची चूक दुसरीच्या माथीं बसत नाहीं. त्या साठ स्थानांचें कोष्टक मीं हातानें केलें. विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, संगणक हें क्षणांत करील.” मी म्हणालों, “करूं दे. मग दोन्हीं ताडून पाहूं.” छप्पन्न उत्तरें जुळलीं. चार चुकलीं होतीं; तीं अर्थातच माझीं.

एवढी तयारी करूनहि पहिली चकती फुकट गेली. बाराच्या बाजूच्या रेघा ठसठशीत, तर सहाच्या बाजूस जणूं मांजरानें नख ओढलेलें. मीं यंत्रास दोष दिला, आणि थोडा त्या बिचाऱ्या विद्यार्थ्यासहि. त्यानें कांहीं न बोलतां चकतीवर पोलादी पट्टी उभी धरली व पलीकडून विजेरी लावली. पट्टी आणि पितळ यांच्यामधून उजेडाची बारीक फट दिसली. पत्रा सपाट नव्हता! कोरण्याचें टोंक शंकूसारखें, ९० अंशांचें होतें. असें टोंक जितकें खोल जाईल, त्याच्या दुप्पट रुंद रेघ उमटते. खोली ०.१५ मिलिमीटर, तर रुंदी ०.३. पत्रा एखाद्या ठिकाणीं ०.१ मिलिमीटरनें खालीं असेल, तर तेथें खोली ०.०५ उरते आणि रेघ तिसऱ्या हिश्श्यावर येते. वहीच्या पानाची जाडी साधारण तेवढीच असते. एका पानाच्या जाडीनें माझी तबकडी बिघडली होती.

मग आम्हीं खालची लांकडी फळी त्याच यंत्राकडून तासून घेतली, नवी चकती दोन्ही बाजूंनीं चिकटणाऱ्या पट्टीनें तीवर बसविली, आणि टोंकास व पितळेस एकेक तार जोडली. टोंक पितळेस टेंकलें कीं वीज वाहते व संगणक ती उंची टिपून घेतो. अशा ४९ ठिकाणच्या उंच्या टिपल्यावर यंत्र पत्र्याच्या चढउताराप्रमाणें टोंक वरखालीं करूं लागलें. साठहि रेघा सारख्या आल्या.

आतां आंकडे. संगणकांतील नेहमींचीं अक्षरें म्हणजे अक्षराच्या दोन्ही कडा होत. तीं तशींच कोरलीं तर प्रत्येक आंकडा पोकळ दुहेरी रेघेचा उमटतो. मला खडूनें काढल्यासारखी एकच रेघ हवी होती. तेव्हां विद्यार्थी म्हणाला, “तुम्हींच कागदावर काढा, गुरुजी. फळ्यावर काढीत होतां तसे.” मीं काढले. ३ हा आंकडा सात वेळां काढला. त्यांचें छायाचित्र घेऊन संगणकानें रेघेचा मध्य शोधला.

दुसऱ्या दिवशीं गेलों तों पडद्यावर सुरेख, गुळगुळीत आंकडे! “रात्रीं मीं रेघा थोड्या नीट केल्या,” तो खालीं पाहून म्हणाला. त्याच्या मनांत आदरच होता, हें मला दिसत होतें. मी बराच वेळ पडद्याकडे पाहत बसलों. खरें सांगतों, मोह झाला. तबकडी दिवाणखान्यांत लागणार, येणारा-जाणारा पाहणार. म्हाताऱ्याचा कंप पितळेंत कायमचा कोरून कोणास दाखवावयाचा? पण साठ रेघा यंत्राच्या, घड्याळ बाजारचें, आणि आंकडेहि दुसऱ्याचे, मग माझें त्यांत उरलें काय? “कालचेच लाव,” मी म्हणालों. त्यानें मुकाट्यानें लावले.

कोरून झाल्यावर पितळ तापवून त्यावर काळ्या लाखेची कांडी फिरविली. लाख वितळून रेघांत भरते, आणि सगळी चकती इतकी काळी व ओंगळ दिसते, कीं काम बिघडलें असेंच वाटावें. ती पुरती निवूं द्यावी लागते. मीं घाई केली आणि तीन रेघांतली लाख निघून आली, ती पुन्हा भरावी लागली. मग पाणी घालून पॉलिश-कागदानें घासत गेलें, कीं काळ्यांतून पितळ उजळूं लागतें व रेघा मागें राहतात. हें घासण्याचें काम मात्र सर्वस्वी मीं केलें. त्यास कांपरा हात चालतो.

घड्याळ जोडतांना विद्यार्थ्यानें सहज सांगितलें, कीं आंतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळां कांपतो, आणि ते कंप मोजूनच सेकंद ठरतो. ऐकून मला बरें वाटलें.

तबकडी आतां भिंतीवर आहे. सातच्या शेपटीवर एक लहानशी लाट आहे. मिनिटकांटा ३५ मिनिटांवर आला म्हणजे ती झांकली जाते, आणि दोन मिनिटांनीं पुन्हा दिसूं लागते.