लोकांना अक्कल नाही काय?



आजचा विषय आम्ही चिटणिसांना कळविला, तेव्हा त्यांनी हसून विचारले, "लोक म्हणजे कोणते? समोर बसणारे, की न आलेले?" प्रश्न थट्टेचा होता, पण त्यातच आजच्या व्याख्यानाचे निम्मे सार आहे. ‘लोक मूर्ख आहेत’ असे म्हणणारा मनुष्य त्या लोकांत स्वतःला कधी धरीत नाही. निवडणूक हरलेला उमेदवार असे म्हणतो, मुले नापास झाली की मास्तर असे म्हणतात, आणि खरे सांगावयाचे तर चार पुस्तके वाचल्यानंतर आम्हीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत आलो. तेव्हा आज आम्ही काही प्रमाणात आमच्याच मताची उलटतपासणी करणार आहो.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करू. बुद्धी ही एक गोष्ट आणि चिकित्सा ही दुसरी. गोष्ट समजण्याची, हिशेब करण्याची, अनुभवावरून शहाणे होण्याची शक्ती ती बुद्धी. समोर आलेली गोष्ट खरी कशावरून, असे थांबून विचारण्याची सवय ती चिकित्सा. पहिली नसेल तर दुसरी येणार नाही, हे उघड आहे. पण पहिली असली म्हणजे दुसरी आपोआप येते काय? आमच्या मते येथेच आपण फसतो.

बुद्धीची वाण लोकांत नाही, याचा पुरावा शोधावयास दूर जावे लागत नाही. बैल खरेदी करणारा शेतकरी पाहा. तो दात पाहतो, खूर पाहतो, मानेवरून हात फिरवितो, चार पावले चालवून पाहतो. विकणारा सांगतो त्यातले निम्मे तो ऐकतच नाही. ही चिकित्सा नव्हे तर काय? त्या शेतकऱ्याने तर्कशास्त्राचे पुस्तक पाहिलेलेही नसते.

ब्राझील देशातील रेसिफे शहरात काही संशोधकांनी रस्त्यावर फळे वगैरे विकणाऱ्या नऊ ते पंधरा वर्षांच्या पाच मुलांची परीक्षा घेतली. तिची हकीकत १९८५ साली प्रसिद्ध झाली. गिऱ्हाईक होऊन ६३ हिशेब विचारले, त्यांतले शंभरी ९८ बरोबर आले. पुढे तशीच गणिते नुसत्या आकड्यांची मांडून दिली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण शंभरी ३७ वर आले. मुले तीच होती आणि डोकीही तीच होती. ज्याने केवळ कागदावरची परीक्षा पाहिली असती, त्याने या मुलांना मठ्ठ ठरविले असते.

आता उलट बाजू पाहू. तुम्हाला एक साधे कोडे घालतो. किमती मनाच्या आहेत, हिशेब तेवढा पाहावा. एक कोयता आणि एक कानस मिळून ११० रुपये पडले. कोयता कानशीपेक्षा १०० रुपयांनी महाग. तर कानशीची किंमत काय? मागच्या रांगेतून ‘दहा’ असे ऐकू आले. आम्हीही प्रथम दहाच म्हटले होते. पण कानस दहाची असेल तर कोयता ११० चा झाला, आणि बेरीज १२० झाली. खरे उत्तर पाच. अशाच धर्तीची तीन कोडी शेन फ्रेडरिक या अमेरिकन अभ्यासकाने ३,४२८ जणांना, त्यांत बहुतेक विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना, घातली आणि निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध केले. तिन्ही बरोबर सोडविणारे शंभरांत १७ निघाले, आणि एकही न सुटलेले ३३. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या जगद्विख्यात संस्थेतील विद्यार्थ्यांतही तिन्ही सोडविणारे शंभरांत ४८ च होते. या विद्यार्थ्यांना अक्कल नाही, असे कोण म्हणेल? त्यांना बेरीज येत होती. केलेली बेरीज एकदा ताडून पाहावी, एवढेच त्यांनी केले नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. येथून जवळच, माजलगाव तालुक्यातील लवूळ हे गाव २०२१ च्या डिसेंबरात जगाच्या वर्तमानपत्रांत झळकले. बातमी अशी होती की, कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले, म्हणून वानरांनी सूड घेत अडीचशे कुत्री ठार केली. लंडन-न्यूयॉर्कपर्यंत ती वाचली गेली. नागपूरहून वनखात्याचे पथक आले आणि दोन वानरे पकडून नेली. पुढे जे पत्रकार गावात जाऊन चौकशी करून आले, त्यांना निराळेच चित्र दिसले. वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडावर, छपरावर नेत. तेथे ती उपासमारीने किंवा खाली पडून मरत. एवढे खरे होते. पण सूडाला पुरावा सापडला नाही, आणि अडीचशेचा आकडाही फुगलेला निघाला.

या प्रकरणात मूर्ख कोण ठरले? लवूळच्या लोकांनी निदान काहीतरी डोळ्यांनी पाहिले होते, आणि त्यांचा त्रास खरा होता. मोठमोठ्या शहरांतील सुशिक्षित वाचकांनी मात्र, अडीचशे कोणी मोजली, एवढेही विचारले नाही. का विचारले नाही? कारण बातमी गमतीची होती आणि ती खोटी ठरली तरी वाचणाऱ्याचे काही बिघडणार नव्हते. बैल खोडीचा निघाला तर शेतकरी बुडतो, म्हणून तो दात मोजतो. ज्या चुकीची किंमत आपल्याला मोजावी लागत नाही, तेथे आपण सारेच सैल सुटतो.

येथवर हसण्यासारखे होते. आता जे सांगावयाचे आहे ते हसण्यासारखे नाही.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून तेव्हा गावोगाव पसरली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी त्या बाजारात आले. जमावाने त्यांना पोरे पळविणारे ठरविले आणि पाचही जणांना ठेचून मारले. तो बाजाराचा दिवस होता, हे ध्यानात घ्या. जमावातल्या कित्येकांनी त्याच सकाळी तराजूचा काटा न्याहाळला असेल, कांदा निवडून घेतला असेल, सुटे पैसे दोनदा मोजले असतील. रुपया-दोन रुपयांसाठी जी चिकित्सा झाली, ती पाच माणसांच्या जिवासाठी झाली नाही. तुमचे गाव कोणते, तुम्हाला ओळखणारा कोणी आहे काय, पळविलेले मूल कोणाचे, हे प्रश्न जमलेल्या माणसांना येत नव्हते असे नाही. पण खवळलेल्या जमावात पहिला प्रश्न विचारणाऱ्याला भीती असते की उद्या आपल्यालाच त्यांचा साथीदार म्हणतील. गर्दीत मनुष्याची बुद्धी नाहीशी होत नाही, ती गप्प बसते.

म्हणजे विचार न करण्याची दोन कारणे हाती आली. एक, विचार न केल्याने आपले नुकसान होत नाही. दुसरे, विचारले तर आपले नुकसान होते. या दुसऱ्या कारणाचे सर्वांत जड उदाहरण आपल्याच घरचे आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यातून निघतात. भांडीकुंडी, पोरेबाळे, शेळ्या, सारा संसार गाडीवर असतो. साखर कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्या तेलगावकरांना हे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. २०१९ साली या मजूर स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, सरकारने समिती नेमली आणि जिल्ह्यात पाहणी झाली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक. त्यांत ऐन तारुण्यातल्या बायकाही होत्या.

त्या वेळी शहरातल्या एका शिकलेल्या गृहस्थांनी आम्हाला म्हटले, "अडाणी बायका, डॉक्टरने सांगितले आणि यांनी कापून घेतले!" आम्ही त्या वेळी काही बोललो नाही, याची आम्हाला आजही लाज वाटते. त्या बाईचा हिशेब पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली आणि बहुधा खर्चलेलीही. एक दिवस खाडा झाला की दंड. पहाटे अंधारात फडात उतरायचे, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची, झोपडीला आडोसा नाही, पाण्याचा ठिकाणा नाही. पोटात दुखते म्हणून ती दवाखान्यात गेली, तर ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ अशी भीती कित्येकींना घातली गेली. दुसऱ्या डॉक्टरला विचारावे, तर आणखी खाडा आणि आणखी पैसे. शिवाय, डॉक्टरसाहेब, हे कशावरून, असे म्हणण्याची तिला आजवर कोणी मुभा दिली होती काय? मुकादमाला प्रश्न विचारू नये, सासऱ्याला विचारू नये, साहेबाला विचारू नये, हे ज्या बाईला लहानपणापासून शिकविले, तिने दवाखान्याच्या टेबलावर एकाएकी चिकित्सक व्हावे ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? तिने विचार केलाच होता. तिच्यापुढे जेवढे रस्ते ठेवले होते, त्यांतला कमी खाड्याचा रस्ता तिने निवडला.

म्हणून आमचे उत्तर असे आहे. लोकांना अक्कल नाही, हे खोटे. लोक आळसाने विचार करीत नाहीत, हे अर्धेच खरे. प्रश्न विचारणे ही सवय आहे, आणि सवय तेथेच लागते जेथे विचारणाऱ्याचा अपमान होत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग दोष कोणाचाच नाही काय? आहे. राईनपाड्यात हात उगारणाऱ्याला परिस्थितीचे नाव सांगून सुटता येणार नाही. आणि ज्याला प्रश्न विचारणे स्वस्त पडते, त्याने तो न विचारणे हा सर्वांत मोठा दोष. आपण येथे पंख्याखाली बसलो आहो. हातातल्या मोबाइलवर आलेला मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी, हे कोणी पाहिले, कोणी मोजले, आणि खोटे निघाले तर कोणाचे वाटोळे होईल, एवढे विचारावयास आपल्याला ना दंड आहे ना खाडा. आपण विचारीत नाही, आणि फडातल्या बाईला अडाणी म्हणतो!

२०१९ च्या त्या गदारोळानंतर, अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम जिल्ह्यात करण्यात आला. नियम पुरेसा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण त्याचे तत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. जो प्रश्न एकटी बाई विचारू शकत नव्हती, तो तिच्या वतीने दुसऱ्या कोणी विचारावयाचा. हे काम सरकारचेच आहे असे नाही. शिकलेली सून सासूबरोबर दवाखान्यात जाऊन कागद वाचू शकते. वर्गात पोराने ‘का?’ म्हटले तर मास्तर छडीऐवजी उत्तर देऊ शकतात, आणि येत नसेल तर ‘उद्या पाहून सांगतो’ म्हणू शकतात. घरात मुलीने उलट प्रश्न केला तर ‘फार शहाणी झालीस’ हे वाक्य आपण गिळू शकतो.

आता तुमची पाळी. आम्ही आज जे बोललो त्यातले काहीही केवळ आम्ही बोललो म्हणून घरी नेऊ नका. अध्यक्षांच्या परवानगीने आम्ही अर्धा तास येथेच बसतो. ज्याला जे पटले नसेल त्याने ते उठून विचारावे, आणि पहिला प्रश्न मागे बसलेल्या भगिनींकडून यावा, अशी आमची विनंती आहे.