चूक कळवायची कोणाला?



नाशिकच्या आपल्या अभ्यासिकेतील संगणकावर लिब्रेऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात ‘आचाऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र मोडका दिसला, तर कळवायचे कोणाला?

आधी आपली कळ तपासावी. मी एकदा तक्रार लिहून बसलो, आणि ‘आचार्यांना’ उमटले होते ते माझ्याच बोटाने! स्वयंपाक्याचा गुरुजी झाला होता.

मग फाँट बदलून पाहावा. अक्षर सुधारले, तर दोष बहुधा फाँटचा. तो ‘लोहित’सारख्या त्या फाँटच्या कर्त्यांना कळवावा. इतर प्रोग्रॅममध्ये शब्द नीट, फक्त लिब्रेऑफिसमध्येच बिघडलेला, तर डॉक्युमेंट फाउंडेशनच्या बगझिलावर. काहीच उमगले नाही, तर? चेक परत आला की खातेदार आपल्याच शाखेत येतो, पुढचा माग शाखा काढते. तसे, ज्यांच्याकडून सॉफ्टवेअर घेतले त्यांच्याकडे जावे. १९९३ पासूनच्या डेबियनमधली मंडळी असे दोष मूळ कर्त्यांकडे पुढे पाठवतात.

इंग्रजी मोडके चालते. मात्र वाचणाऱ्याला मराठी येत असेलच असे नाही. म्हणून बिघडलेल्या अक्षराचे चित्र, शेजारी बरोबर अक्षर आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती जरूर द्यावी.