मौन पाळणारें घर

(महोत्सवाच्या सभेंतील भाषण)



धर्मग्रामांतील वृद्ध मंडळी आज पुढील रांगेंत बसलेली पाहून आम्हांस इंग्लंडांतील एका जुन्या घराची आठवण होते.

लंडनच्या वायव्येस सुमारें ५० मैलांवर ब्लेचली पार्क नांवाचा वाडा आहे. हर्बर्ट लिऑन या धनिक गृहस्थानें १८८३ सालीं ती जागा घेऊन घर वाढविलें. १९३८ सालीं ती ब्रिटिश हेरखात्याच्या हातीं गेली. पुढें १९३९ च्या ऑगस्टांत, महायुद्ध तोंडावर आलें असतां, शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणारीं माणसें तेथें येऊं लागलीं. जर्मन सैन्य ‘एनिग्मा’ यंत्रानें आपले संदेश गूढ करीत असे. त्याचा भेद प्रथम १९३२ सालीं पोलंडच्या मारियन रेयेव्स्की या गणितज्ञानें केला होता, व १९३९ च्या जुलैंत पोलंडनें तें ज्ञान ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या स्वाधीन केलें. त्या पायावर अॅलन ट्युरिंग, गॉर्डन वेल्चमन प्रभृतींनीं संदेश उलगडणारीं यंत्रें रचलीं. वाड्याच्या आवारांत लांकडी झोंपड्या उभ्या राहिल्या. १९४५ च्या आरंभीं तेथें सुमारें ९,००० माणसें राबत होतीं. त्यांत चारांत तीन स्त्रिया होत्या.

युद्ध संपलें, परंतु मौनाची शपथ सुटली नाहीं. १९७४ पर्यंत जगास या कार्याची वार्ता नव्हती. पत्नीनें पतीस सांगितलें नाहीं. कित्येक आईबाप मुलांस कांहीं न कळवितांच वारले. वाड्याचें महत्त्व फारच थोड्यांस ठाऊक होतें, म्हणून तो पाडून तेथें नवीं घरें बांधण्याचा घाट पडला. १९९१ च्या ऑक्टोबरांत स्थानिक इतिहासमंडळानें तेथें काम केलेल्या सुमारें ४०० वृद्धांस निरोपासाठीं एकत्र बोलाविलें. त्यांच्या आठवणी ऐकल्यावर वाडा राखण्याचा निश्चय झाला. १९९२ सालीं विश्वस्त मंडळ स्थापन झालें, आणि आतां तेथें संग्रहालय आहे.

दिलेल्या वचनासाठीं पाळलेलें मौन आम्ही वंदनीय मानतों. परंतु वचन सुटल्यावरहि कोणी विचारीत नाहीं, म्हणून जें मौन राहतें, त्याचा दोष ऐकणारांकडे येतो.

तरुणांनो, या महोत्सवाच्या वर्षांत आपल्या आजीआजोबांजवळ वही घेऊन बसा. आपलें घर, आपली विहीर, हें मंदिर कोणाच्या श्रमानें उभें राहिलें, तें विचारा, लिहून काढा, व ती वही आमच्याकडे आणून द्या. आणि वृद्धजनहो, मुलें विचारावयास आलीं, तर त्यांस रिकाम्या हातीं परत पाठवूं नका, एवढीच आमची विनंती आहे.