वार्धक्य आणि हृदयाचे कवच



निसर्गाने हृदयाला एक अदृश्य कवच बहाल केले आहे. १९८६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर या संशोधकांनी ते प्रथम दाखवून दिले. श्वानांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी त्यांनी ५-५ मिनिटे, अशी ४ वेळा बंद केली आणि मग सलग ४० मिनिटे रोखून धरली. या पूर्वतयारीमुळे मृत झालेल्या स्नायूचे प्रमाण इतर श्वानांच्या तुलनेत सुमारे २५ टक्केच भरले. अल्प आघात सोसलेले हृदय मोठ्या आघातास सज्ज झाले होते.

वार्धक्यात मात्र हे कवच विरत जाते. पेशींतले संरक्षक संकेत मंदावतात, ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका दुबळ्या होतात. हृदयविकाराच्या झटक्यापूर्वी छातीत दुखून गेलेल्या प्रौढांना त्या वेदनेने जे संरक्षण दिले, ते ६५ वर्षांपुढील रुग्णांत आढळले नाही, असे इटलीतील आबेते व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नोंदविले. त्यांच्याच २००१ मधील अभ्यासात, शरीर भरपूर हालते ठेवणाऱ्या वृद्धांत ते टिकून असल्याचे दिसले.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी छातीतील कळ ‘गॅस असेल’ म्हणून अंगावर काढू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. एरवी वैद्यकीय सल्ल्याने नित्य चालावे. आजोबांसोबत रोज चालायला निघणारा नातू त्यांच्या हृदयाचीही सेवाच करीत असतो.