नवीन एमटीबी घेतली? आधी थांबायला शिका

आजचा भाग सायकलवर आहे. जाड टायर, पुढे शॉकअप, गियरवाली जी माउंटन बाइक आता यवतमाळात प्रत्येक क्लासच्या बाहेर उभी दिसते ना, तीच. आपण तिला एमटीबी म्हणू. मला जे मेसेज येतात त्यातले निम्मे तरी 'भाऊ, कोणती घेऊ?' असे असतात. त्यावर व्हिडिओ भरपूर आहेत, म्हणून ते आज नाही. आज बोलायचंय ती घेतल्यानंतरच्या पहिल्या महिन्याबद्दल. कारण या सायकलवर पडून ज्यांना लागतं, त्यातल्या बऱ्याच जणांची सायकल जुनी नसते. ती नवीकोरी असते आणि कुणी नीट तपासलेली नसते.

ऑनलाइन मागवली की दारात एक मोठं खोकं येतं. वर लिहिलेलं असतं, '८५ टक्के असेंबल्ड'. ऐकायला छान वाटतं. पण उरलेले १५ टक्के म्हणजे काय? हँडल, पुढचं चाक, पेडल, सीट आणि ब्रेक. म्हणजे ज्यावर तुमचा जीव आहे, नेमकं तेच. आणि ते जोडायचं काम घरातला एखादा उत्साही पोट्टा सोबत आलेल्या पातळ पान्याने वीस मिनिटांत उरकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच सायकल ट्रकच्या बाजूने आर्णी रोडवर असते.

तर हे काम आपण नीट करू. लागतं काय? चार, पाच आणि सहा मिलिमीटरच्या एलन चाव्या, पेडलसाठी १५ नंबरचा पाना, थोडं ग्रीस आणि एक तास. जमत नसेल तर ओळखीच्या सायकलवाल्याकडून करून घ्या, पण शेजारी उभं राहून बघा.

सगळ्यात आधी पुढचा फोर्क. घरी जोडलेल्या सायकलींमध्ये फोर्क उलटा बसवणं ही नेहमी दिसणारी चूक आहे. ओळखायचं कसं? सीटवर बसून हँडल सरळ धरा. पुढची डिस्क आणि तिला पकडणारा कॅलिपर तुमच्या डाव्या हाताला हवा, आणि कॅलिपर फोर्कच्या मागच्या अंगाला हवा. तो उजवीकडे पुढे दिसत असेल, तर फोर्क फिरलेला आहे. अशी सायकल चालते, म्हणूनच ती धोक्याची. वळताना ती विचित्र वागते आणि पाय पुढच्या चाकाला लागू शकतो.

मग पेडल. दोन्ही पेडल सारखी दिसतात, पण सारखी नसतात. एकावर एल, दुसऱ्यावर आर लिहिलेलं असतं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायला सोपं: दोन्ही पेडल पुढच्या चाकाच्या दिशेने फिरवली की घट्ट होतात. आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेरे हातानेच द्या. हाताने फिरत नसेल तर पान्याने जबरदस्ती करू नका. आटे तिरपे बसले तर क्रँक खराब होतो, आणि मग एखाद्या दिवशी चढावर उभं राहून जोर दिला की पेडल निघून पायाखाली येतं.

हँडल पक्कं आहे का, हे बघायला पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरा आणि हँडल फिरवून बघा. चाक जागेवर राहून हँडल फिरलं तर बोल्ट सैल आहेत. चार बोल्ट असतील तर एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नको. आळीपाळीने, थोडे थोडे, तिरप्या कोपऱ्यांनी आवळा. आणि ताकद दाखवायची नाही. लहान बोल्ट असतात, आटे जातात.

चाकाला क्विक रिलीजचा दांडा असेल तर तो नटासारखा गोल गोल फिरवून घट्ट करायचा नसतो. समोरचा नट थोडा आवळायचा आणि दांडा दाबून बंद करायचा. बंद करताना तळहातावर त्याचा वळ उमटला पाहिजे, इतका जोर लागायला हवा.

सीटची उंची. भिंतीला टेकून बसा, पेडल सगळ्यात खाली न्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. आपल्याकडे बरेच जण दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट फार खाली ठेवतात आणि महिन्याभरात गुडघे दुखायला लागतात. दुसऱ्या बाजूला, सीटच्या दांड्यावर एक रेष असते, 'मिनिमम इन्सर्शन' असं काहीतरी लिहिलेली. ती रेष फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. दिसत असेल तर सायकल तुमच्या उंचीला छोटी आहे.

आता आजच्या भागाचा गाभा: ब्रेक.

एक गोष्ट सांगतो. माउंटन बाइकची सुरुवात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत झाली. १९७६ पासून तिथली काही तरुण मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरच्या मातीच्या रस्त्याने खाली शर्यत लावायची. त्या शर्यतीचं नाव 'रीपॅक'. का? त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचा. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणजे या खेळाच्या पहिल्या प्रसिद्ध शर्यतीचं नावच मुळात ब्रेकच्या अडचणीवरून पडलं. सायकल पळवणं कधीच अवघड नव्हतं, अवघड होतं ते थांबवणं.

नवीन डिस्क ब्रेक पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीने लागत नाही. पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसायला लागतात. त्यासाठी मोकळ्या जागेत जा, समता मैदानासारख्या. साधारण ताशी २० किलोमीटरचा वेग घ्या आणि ब्रेक हळूहळू दाबत चालण्याच्या वेगावर या. चाक लॉक करायचं नाही, पूर्ण थांबायचंही नाही. आधी एका ब्रेकने १५-२० वेळा, मग दुसऱ्याने. फरक हाताला जाणवेल. डिस्कला बोट लावू नका, तेलाचा स्प्रे तर चुकूनही नको. 'डिस्क किरकिरते म्हणून ऑइल मारलं' असं सांगणारे भेटतात. बाबांनो, त्याने किरकिर थांबते आणि ब्रेकही थांबतो.

पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे, हे निघण्याआधी बघून घ्या. सगळ्या सायकलींचं सारखं नसतं. आणि 'पुढचा ब्रेक मारू नको, उलटा पडशील' हे जे आपण लहानपणापासून ऐकलंय, ते अर्धंच खरं आहे. ब्रेक लागला की अंगाचं वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं. म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. नुसत्या मागच्याने सायकल घसरत घसरत लांब जाऊन थांबते. उपाय म्हणजे दोन्ही सोबत, हळूहळू वाढवत, आणि बूड थोडं मागे सरकवत.

मैदानावर चुन्याची रेष मारून करून बघा. एकाच वेगाने या आणि रेषेवर ब्रेक मारा: एकदा फक्त मागचा, एकदा दोन्ही. थांबायला किती अंतर लागलं ते पावलांनी मोजा. शिवाय हिशोबात हे धरा: ताशी २० च्या वेगात तुम्ही सेकंदाला साडेपाच मीटर जाता. कुत्रं आडवं आलेलं दिसून बोट ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर साडेपाच मीटर ब्रेक लागण्याआधीच संपले. उतारावर ३० चा वेग असेल तर आठ मीटरपेक्षा जास्त. म्हणून खराब रस्त्यावर दोन्ही हातांचं एक-एक बोट सतत लिव्हरवर ठेवा.

आता आपल्या मातीकडे येऊ, कारण परदेशी व्हिडिओत हे कुणी सांगत नाही.

मुरूम. वळणावर सुटा मुरूम म्हणजे पायाखाली ज्वारी सांडल्यासारखं. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना मारायचा. वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटलंच म्हणून समजा.

काळी माती. पावसाळ्यात पांदणीने जायचा मोह होतो, पण ओली काळी माती टायरला थापत जाते, फोर्कमध्ये अडकते आणि चाक फिरणं बंद होतं. तेव्हा पेडलवर जोर देऊ नका. मागचा गियर बदलणारा भाग वाकतो किंवा तुटतो. उतरा, काडीने माती काढा, उचलून डांबरीवर या. पाऊस गेल्यावर बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात. चाक त्यात अडकलं की एकदम हँडल वळवू नका. वेग कमी करा आणि जागा मिळेल तिथून बाहेर पडा. एप्रिल-मे मध्ये जमिनीच्या भेगाही अशाच.

काटे. बाभूळ, बोर, हिवर, तिन्ही आपल्याच. पंक्चर काढलं की ट्यूब लगेच आत घालू नका. टायरच्या आतून जाड फडकं फिरवा. जिथे अडकेल तिथे काट्याचं टोक असतं. ते राहिलं तर एका किलोमीटरमध्ये पुन्हा पंक्चर. सोबत एक जास्तीची ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि छोटा पंप ठेवा. हवा किती? कमाल आकडा टायरच्या बाजूला लिहिलेला असतो, पण तो कमाल आहे, तितकी भरलीच पाहिजे असं नाही. ६०-७० किलो वजनाच्या माणसाला दोन इंची टायरमध्ये मातीसाठी ३० ते ३५ पीएसआय आणि डांबरीसाठी ४० च्या आसपास ठीक. गाड्यांच्या कॉम्प्रेसरने भरत असाल तर थोडी थोडी, थांबून थांबून. सायकलची ट्यूब क्षणात भरते आणि फुटतेही.

आता जरा गंभीर मुद्दा. रानडुकरं पिकात येऊ नयेत म्हणून काही ठिकाणी शेताच्या कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतात. हे बेकायदेशीर आहे, आणि त्याने विदर्भात माणसं गेलेली आहेत. म्हणून अनोळखी शेताच्या तारेला सायकल टेकवायची नाही, शॉर्टकट म्हणून तारेखालून जायचं नाही. अंधार पडल्यावर तर नाहीच.

तसंच जंगल. टिपेश्वर आणि पैनगंगा ही दोन्ही अभयारण्यं आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यात परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे, सायकलवरही. टिपेश्वरचे वाघ तर अभयारण्याच्या हद्दीबाहेरही फिरतात. पांढरकवडा-राळेगाव भागातल्या लोकांना टी-१ वाघिणीचे ते दिवस आठवत असतील. २ नोव्हेंबर २०१८ ला तिला मारलं, त्याआधी तिथले लोक शेतात एकटे जायला घाबरत. जंगलालगतच्या रस्त्याने दिवस उगवल्यावर जा, मावळायच्या आत परत या, एकटे जाऊ नका. रोही रस्त्यावर दिसला तर थांबा. एकामागे दुसरा असतो.

रस्त्यावर कापसाच्या दिवसांत भरलेल्या ट्रॉल्या असतात, दोन्ही बाजूंनी फुगलेल्या. चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. त्यांच्या बाजूला घुसून ओव्हरटेक करू नका. मागे लाल दिवा दिवसासुद्धा चालू ठेवा. हेल्मेट भुवईच्या दोन बोटं वर, पट्टा हनुवटीखाली इतका की एखाद-दोन बोटंच मावतील. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट फोटोपुरतं असतं. उन्हाळ्यात आठच्या आत घरी या. पाणी सोबत, त्यात चिमूटभर मीठ-साखर.

शेवटचा मुद्दा पैशांचा. १०-१२ हजारांत मिळते ती बहुतेक दिसायला एमटीबी असते. पांदण, मुरूम, गावचा रस्ता, निळोणा धरणापर्यंतची सकाळची चक्कर, यासाठी ती पुरते. मी तिला नावं ठेवत नाही. पण तिचं रिम आणि फोर्क उड्या मारायला बनवलेले नसतात. रील्समध्ये जो तीन फुटांवरून उडी मारतो, त्याची सायकल कदाचित तुमच्या बाइकपेक्षा महाग असते, आणि तो त्याआधी कितीदा पडला ते रीलमध्ये नसतं.

आणि पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळं पुन्हा एकदा तपासा. नवीन केबल ताणतात, बोल्ट जागा धरतात, स्पोक सैल होतात. आपण कोड लाइव्ह केल्यावर पहिले काही दिवस लॉग बघत बसतो ना, तसं. त्यानंतर दर रविवारी दोन मिनिटं: हवा, ब्रेक, हँडल, चाकं, चेन. चेनला गाडीचं जळकं ऑइल नको, धूळ धरतं. कापडाने पुसून सायकलचं पातळ ऑइल कडीकडीवर एक थेंब, मग वरचं पुसून टाका.

घरात धाकटा भाऊ, बहीण, शेजारचं पोरगं नवीन सायकल घेत असेल तर हा भाग त्यांच्या आईबाबांना पाठवा. पोरं ऐकणार नाहीत, पण ते फोर्क कोणत्या बाजूला आहे ते नक्की बघतील. पुढच्या भागात पंक्चर घरी कसं काढायचं ते सविस्तर. तुमच्या सायकलचा उजव्या बाजूने, हँडल सरळ ठेवून काढलेला फोटो पाठवला तर मी बघून सांगेन काय तपासायला हवं. भेटू.