काट्यावर न दिसणारी शिल्लक
(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या महिला आरोग्य कार्यक्रमातील भाषण)



मी डॉक्टर नाही. आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले. त्या आकड्यांनीच एकदा मला घरात चकवलं, ते आज सांगतो.

आमची सौ. अठ्ठावन्न वर्षांची असताना तिचं वजन ७८ किलो होतं. तिसऱ्या मजल्यावर येताना दुसऱ्यावर टेकायची. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आपल्याच आवारात रोज अर्धा तास भरभर चालायला लागली. दर रविवारी मी कॅलेंडरवर वजन टिपायचो. तीन महिन्यांत कमी झालं फक्त दीड किलो. मी सहज बोलून गेलो, "एवढं चालून शिल्लक काय, तर दीड किलो?" दुसऱ्या दिवसापासून तिने चालणं सोडलं. पुढच्या वर्षी तपासणीत मधुमेह निघाला.

डॉक्टरांनी मला एकच विचारलं, "त्या तीन महिन्यांत त्या जिन्यात थांबत होत्या का?" मी आठवून पाहिलं. नव्हती थांबत! ते मी कॅलेंडरवर लिहिलंच नव्हतं.

चालणं, पोहणं, सायकल, नाच, असा श्वास नि नाडी वाढवणारा आणि काही वेळ सलग चालणारा व्यायाम म्हणजे एरोबिक. त्याने काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, रक्तदाब उतरतो, पोटातली चरबी घटते. वजन फारसं हललं नाही तरी हे फायदे मिळतात. साखरेवरचा परिणाम मात्र एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून खंड नको. रिकरिंगचा हप्ता समजा! आणि वजनच उतरवायचं असेल, तर ताटाकडेही बघावं लागतं.

वयाप्रमाणे गरज बदलते. तिशीत, बाळंतपणानंतर चढलेलं वजन वेळीच आवरता येतं. पण डॉक्टरांना विचारून हळूहळू सुरुवात करावी. पंचेचाळीस-पन्नाशीत पाळी जाते, तेव्हा चरबी कमरेवरून पोटाकडे सरकते. आपल्याकडे बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायचं. या वयात वजन हट्टी असतं. काट्यावर रुसू नका, टेप लावा. साठीनंतर गुडघे कुरकुरतात. पण एक किलो वजन उतरलं, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. तोल आणि झोपही सुधारते. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी तपासणी.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा वेग. "आम्ही दिवसभर राबतो, वेगळा व्यायाम कशाला?" असं भगिनी म्हणतात. घरकाम वाया जात नाही. पण ते तुकड्यातुकड्यांनी होतं, दम लागेपर्यंत सहसा जात नाही.

आता पुरुष सभासदांना सांगतो. सकाळी सहाला बाई चप्पल घालते आणि आतून आवाज येतो, "चहा झाला का?" मीही ही हाक मारलेली आहे. आता आमच्याकडे सकाळचा चहा मी करतो. सौ. पुन्हा चालते आहे, आज अडुसष्टाव्या वर्षीही. वजन ७३ आहे, साखर आटोक्यात आहे, आणि जिन्यात मी टेकतो तेव्हा ती वर जाऊन दार उघडते.

कमिटीला एक विनंती. मागच्या बाजूच्या वाटेवरच्या स्कूटर्स हलवा आणि तिथे दोन दिवे लावा. रौप्यमहोत्सवाची तीच खरी भेट ठरेल.