डेन्मार्क पाहावा तो कोणत्या नजरेने?

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

अभ्यासवर्गात परदेशातील सहलीचा विषय कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. ज्या देशात असंख्य श्रमिकांना आठवड्यातून एक दिवसही हक्काची सुट्टी मिळत नाही, तेथे कोपनहेगनच्या मौजेच्या गोष्टी सांगणे हा पोट भरलेल्यांचा उद्योग वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विसावा हा श्रीमंतांचा विषय आणि राबणे हा गरिबांचा, ही वाटणी समाजवाद्याने मान्य करण्याचे कारण नाही. म्हणूनच आज हा विषय मी मुद्दाम घेतला आहे.

डेन्मार्कला जाणारा प्रवासी प्रथम कोपनहेगनमधील तिवोली उद्यानात जातो. पाळणे, दिव्यांची आरास, नाटके, संगीत, सारे काही तेथे आहे आणि ते खरोखरच मन रमवणारे आहे. 1843 साली गेओर्ग कार्स्टेन्सन याने हे उद्यान सुरू केले, तेव्हा देशात राजाची अनियंत्रित सत्ता होती. लोक मौजमजेत गुंतले की राजकारणात डोके घालत नाहीत, असे सांगून त्याने राजाची परवानगी मिळवली, अशी कथा आहे. कथा खरी असो वा नसो, तिच्यातील विचार सत्ताधाऱ्यांना सर्वकाळ प्रिय राहिला आहे. जनतेला खेळणे द्यावे म्हणजे ती सिंहासनाकडे पाहत नाही!

या विचाराला कोपनहेगनच्या कामगारांनी 1944 साली उत्तर दिले. शहर तेव्हा नाझी फौजांच्या ताब्यात होते. जून महिन्यात जर्मनांनी रात्रीची संचारबंदी लादली आणि त्याच सुमारास त्यांच्या हस्तकांनी तिवोलीतील इमारती स्फोटाने उडवल्या. 26 जूनला बुर्मायस्टर आणि वाइन या जहाजबांधणी कारखान्यातील कामगार वेळेआधीच काम सोडून बाहेर पडले. आमचा हा संप नव्हे, असे त्यांनी कळवले. संचारबंदीमुळे संध्याकाळी आमच्या बागांची निगा राखता येत नाही, म्हणून दिवसाच घरी जातो! पाहता पाहता सारे शहर बंद पडले. जर्मनांनी पाणी, वीज आणि गॅस तोडला, तरी लोक नमले नाहीत. अखेर संचारबंदी सैल करणे आणि हस्तकांची पथके रस्त्यावरून मागे घेणे सत्तेला भाग पडले.

या बागा म्हणजे शहराच्या कडेला कामगारांच्या संघटनांनी मिळवलेले जमिनीचे लहान तुकडे होत. चाळीवजा घरांतून राहणाऱ्या कुटुंबांना भाजी, फुले आणि मोकळी हवा मिळावी, हा त्यांचा हेतू. लहानशी झोपडी, सफरचंदाचे झाड आणि काठीवर राष्ट्रध्वज असे त्यांचे दृश्य आजही आगगाडीच्या खिडकीतून दिसते. प्रवाशाने ते अवश्य पाहावे. एडवर्ड एरिक्सनने घडवलेल्या जलपरीच्या पुतळ्यापुढे गर्दी लोटते. तो पुतळा 1913 साली कार्ल याकोबसेन या बिअर कारखानदाराने शहराला भेट दिला. जलपरीची कथा लिहिणारा अँडरसन मात्र ओडेन्स गावातील जोडे शिवणाऱ्याचा आणि धोबिणीचा मुलगा होता, हे त्या गर्दीत फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

डेन्मार्कची माणसे जात्याच सुखी आणि निवांत आहेत, असे सहलकंपन्यांची पत्रके सांगतात. हा निवांतपणा रक्तातून आलेला नाही, तो झगडून मिळवलेला आहे. 1872 साली कामाच्या दिवसातून एक तास कमी व्हावा, एवढ्या मागणीसाठी गवंड्यांनी संप केला. 5 मे रोजी त्यांच्या पाठिंब्याची सभा उधळण्यासाठी शहराबाहेरच्या माळावर पोलीस आणि घोडदळ धावून आले. नेते आदल्या रात्रीच तुरुंगात डांबले गेले होते. त्या माळाच्या एका भागावर आज फेलेडपार्कन हे विस्तीर्ण उद्यान आहे आणि दरवर्षी मे दिनाला तेथे श्रमिकांचा मेळा भरतो. 1899 मध्ये मालकांनी सुमारे शंभर दिवस टाळेबंदी केली. तिच्या शेवटी संघटनेचा हक्क मान्य झाला. 1919 मध्ये आठ तासांचा दिवस आणि 1938 मध्ये कायद्याने दोन आठवड्यांची सवेतन रजा आली. आज ती पाच आठवड्यांची आहे. हा सारा इतिहास पाहण्यासाठी रोमर्सगाडे रस्त्यावरील कामगार संग्रहालयात जावे. ती वास्तू कामगारांनी 1879 साली आपल्या सभांसाठी उभारली होती.

इस्लंड्स ब्रुगे येथे बंदराच्या पाण्यात पोहण्याची सोय आहे. एकेकाळी कारखान्यांच्या आणि गटारांच्या घाणीने भरलेले हे पाणी सार्वजनिक पैशातून स्वच्छ झाले आणि 2002 पासून तेथे कोणीही विनाशुल्क पोहू शकतो. सार्वजनिक सुख कशाला म्हणावे, याचे याहून सोपे उदाहरण मला ठाऊक नाही.

तथापि, हा देश म्हणजे स्वर्ग, अशा भ्रमात कोणी राहू नये. याच राज्याने तरंगमपाडीला किल्ला बांधून आपल्या देशात व्यापार केला आणि कॅरिबियन बेटांत 1848 पर्यंत गुलाम राबवले. आजही, 2018 च्या कायद्यांनुसार सार्वजनिक घरांची एखादी वस्ती तोडावी की ठेवावी, या विचारात रहिवाशांचे मूळ ‘अपाश्चात्त्य’ आहे काय, हे मोजले जाते. समतेच्या घराला असे मागचे दार असेल, तर समतेला बट्टा लागतो. आणि मिळालेली सुट्टीही कायमची नसते. 1686 पासून चालत आलेली प्रार्थनादिनाची सुट्टी संरक्षणखर्चासाठी रद्द करण्याचा कायदा 2023 मध्ये झाला. कामगार संघटनांच्या हाकेला हजारोंनी मोर्चे निघाले, तरीही 2024 पासून ती सुट्टी गेलीच.

हे आपल्याला परके वाटू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळवली, ती याच प्रश्नाची आपली बाजू. आज घरकामगार स्त्री, ऊसतोडणी कामगार, मोटारसायकलवरून जेवण पोहोचवणारा तरुण यांच्यापैकी कितीजणांपर्यंत तो रविवार पोहोचला आहे?

तेव्हा साथींनो, ज्यांना डेन्मार्कला जाण्याचा योग येईल त्यांनी संकोच न करता जावे, तिवोलीत मनमुराद फिरावे, बंदरात पोहावे. मात्र परतताना केवळ जलपरीचे छायाचित्र आणू नये. तेथील गवंड्याने मागितलेला एक तास आणि जहाजबांधणी कामगाराने मागितलेली संध्याकाळ यांचा हिशेब सोबत आणावा. आपल्या मागण्यांच्या यादीत वेतनाच्या शेजारी विसाव्याला स्थान देण्यासाठी तो उपयोगी पडेल.